गडगडलं की मेन स्विच खाली

"ताई, इतकी वर्षां नोकरी केलंस, पण तू थंय नेमका काय करी होतंस, ता माका अजून कळाक नाय," असं माझी धाकटी जाऊ सुलू यंदा भर चतुर्थीच्या गडबडीत म्हणाली. मी नारळ खवत होते. एरवी असल्या प्रश्नावर मी भडकते, पण हातात अर्धी कवड होती आणि समोर मोदकांची घाई, म्हणून गप्प बसले. तिचा तरी काय दोष? कंडक्टर काय करतो ते दिसतं, मास्तर काय करतो आणि काय करत नाही तेही दिसतं. माझं काम माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी धड सांगता आलं नाही. "ती कॉम्प्युटरात आसा," एवढंच तो गावभर सांगे. मग लोक माझ्याकडे बिघडलेले मोबाईल घेऊन येत. वाडीतल्या एका गृहस्थांनी तर मिक्सर आणून ठेवला होता, आणि वर "बघ गो जरा, तुझ्याच लायनीतला आसा" असं सांगून गेले.

आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही गळ घातली आहे, तर एकदाचं सांगूनच टाकते.

सावंतवाडीतली आमची कंपनी लहानशी. पुण्याच्या एका मोठ्या विमा कंपनीचं कागदकाम आम्ही करायचो. दाव्यांचे फॉर्म तपासायचे, नोंदी भरायच्या. त्यासाठी दोन हॉल होते, एक सावंतवाडीत आणि एक पार तिकडे विजयदुर्गला. हॉलमध्ये बहुतेक मुलीच. प्रत्येकीच्या टेबलावर पडदा, कीबोर्ड आणि जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा. बघणाऱ्याला वाटायचं, हाच कॉम्प्युटर. छे! तो डबा रिकामाच म्हणायचा. खरे कॉम्प्युटर सावंतवाडीत आमच्या सर्व्हरच्या खोलीत, आणि तेही लोखंडापत्र्याचे नाहीत, सर्व्हरच्या पोटात तयार होणारे. मुलगी येऊन बसली, आपलं नाव टाकलं, की तिच्यासाठी सर्व्हर एक डेस्कटॉप देणार. काम संपवून ती रीतसर बाहेर पडली, की तो मोडणार आणि पुढच्या मुलीसाठी नवा घडवणार. याला आभासी डेस्कटॉप म्हणतात.

हे 'मोडणार' प्रकरण लोकांच्या गळी उतरवता उतरवता माझे केस पिकले. सावंतवाडीच्या हॉलमध्ये दळवी नावाचे एक सुपरवायझर होते. माणूस सज्जन, पण सांगितलेलं ऐकायचं नाही असा पण केलेला. त्यांनी मुलीच्या लग्नाचे फोटो कौतुकाने डेस्कटॉपवर ठेवले आणि घरी गेले. सकाळी बघतात तर सगळं कोरं. तणतणत माझ्याकडे आले. "माझ्या चेडवाचा लगीन पुसलास तू!" म्हटलं, दळवीनू, लग्न शाबूत आहे, जावईही शाबूत आहे, फोटो तेवढे मोबाईलमध्ये बघा. ते पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला तेवढीच शांतता.

तर असा प्रत्येक डेस्कटॉप घडला, की त्याला एक रस्ता जोडून द्यावा लागतो. नेटवर्क म्हणतात ते हेच. आमच्याकडे रस्ते दोन. एक थेट पुण्याच्या विमा कंपनीकडे जाणारा, दुसरा आमचा घरचा, नवीन मुलींच्या सरावासाठीचा. पुण्याच्या रस्त्यावर प्रत्येक हॉलच्या वाट्याला ठरावीकच जागा. त्या भरल्या, की सर्व्हर पुढचे डेस्कटॉप गुपचूप दुसऱ्या रस्त्याला जोडून मोकळा होई. कुणाला विचारणार नाही, सांगणार नाही.

कुठला डेस्कटॉप कुठल्या रस्त्याला जोडला गेलाय, हे तपासणं माझं काम. त्यासाठी मी काळी खिडकी उघडायची, म्हणजे पडद्यावरची ती काळी चौकट, जिच्यात हुकूम टाइप करायचा. माऊसने बघायचं छान रंगीत पानही होतं, पण ते पान म्हणजे तोंडदेखलं बोलणारं. डेस्कटॉप चालू आहे ना? मग हिरवा ठिपका. रस्ता चुकीचा का असेना, ठिपका आपला हिरवागार. काळ्या खिडकीत मात्र एक ओळ टाकली, की डेस्कटॉपचं नाव, त्यावर कोण बसलंय आणि तो कुठल्या नेटवर्कवर आहे, सगळं सरळ समोर. ती ओळ मला तोंडपाठ होती. माझ्यानंतर जो मुलगा तिथे लागलाय तो सगळं माऊसने करतो, हुशार आहे, पण काळी खिडकी बघितली की त्याचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होतो. मला त्याचं वाईट वाटतं. असो.

आता विजयदुर्गची गोष्ट.

तिथला हॉल नसीमा सांभाळायची. मुलगी मोठी गोड आणि कामाला वाघ. दुपारच्या पाळीत ती स्वतः बसायची, सकाळच्या पाळीवरही तिचंच लक्ष. भाऊ पनवेलला, आई नाही, घरी अब्बा. अब्बा पूर्वी मच्छिमारी बोटीवर तांडेल होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून एक बाजू गेलेली, कानही मंद झालेले. हॉल घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून तिचं सगळं जमत होतं. मध्येच उठून घरी जायची, अब्बांना औषध देऊन पुन्हा कामावर हजर.

परतीच्या पावसाचे दिवस होते. एका सकाळी नसीमाचा फोन आला. "ताई, सकाळच्या पाळीतल्या चार पोरींचा पुण्याचा प्रोग्रॅम उघडना नाय." मी काळी खिडकी उघडली. चौघीही सरावाच्या रस्त्यावर. हाताने डेस्कटॉप मोडले, सावंतवाडीच्या वाट्याच्या जागा उसन्या घेऊन नवे दिले, काम चालू झालं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. सावंतवाडीत कधी नाही, फक्त विजयदुर्गला, आणि तेही फक्त सकाळच्या पाळीत.

मी एकटीच वैतागले असते तर निभावलं असतं. पण आपलं काम भलत्याच नेटवर्कवरून उघडायचा प्रयत्न होतोय, हे पुण्याच्या लोकांच्याही ध्यानात आलं. तिकडून खरमरीत मेल आला. तपासणीला माणूस पाठवतो, आणि पुन्हा असं दिसलं तर विजयदुर्गचं काम काढून घेतो.

आमचे मालक नाटेकर. तसे दिलदार, पण घाबरट. मेल वाचून त्यांनी मला बोलावलं. "शुभदाताई, मी म्हणतो, आपणच विजयदुर्ग बंद करून टाकू. ज्यांना यायचंय त्या मुली सावंतवाडीला येतील. इथे कधी काही होत नाही."

"येतील कशा? उडत?" मी म्हटलं. "विजयदुर्ग म्हणजे काय आपल्या गावातल्या मोती तलावापलीकडे आहे?"

"खोली घेऊन राहतील."

"आणि घरच्यांना काय गाठोड्यात बांधून आणतील?"

माझा आवाज चढला. बाहेर दळवींनी कान टवकारले असणारच. शेवटी नाटेकरांनी तपासणीपर्यंतची मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही तर हॉल बंद.

ही बातमी विजयदुर्गला माझ्याआधी पोचली. असल्या बातम्यांना नेटवर्क लागत नाही. संध्याकाळी नसीमाचा फोन. नेहमी हसत बोलणारी पोर, पण त्या दिवशी आवाज बसलेला. "ताई, आमी काय एक करूक नाय, अल्लाची शपथ. हॉल बंद झालो तर भाऊ म्हणता पनवेलीक ये, थंय नोकरी बघूया. मी जाईन ओ. पण अब्बाक कोण बघतलो? ते घर सोडून येवचे नाय, आणि मी त्यांका टाकून कशी जाव?"

मी म्हटलं, "भिया नको. मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळ्या खिडकीत मी डोकं घालून बसले. विजयदुर्गची सगळी यादी काढली आणि चुकलेल्या चौघींना सोडून बाकीच्यांकडे बघितलं. पुण्याच्या रस्त्यावरच्या जागा धरून बसलंय कोण? बघते तर काय, कालच्या दुपारच्या पाळीच्या मुली! त्या रात्रीच घरी गेलेल्या, यादीत मात्र जागेवर. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. सीटवर माणूस नाही, रुमाल मात्र ठाण मांडून, आणि खरे प्रवासी उभे. पुण्याच्या रस्त्यावरच्या जागा अशा अडल्या होत्या, म्हणून सकाळी आलेल्यांना सर्व्हर दुसरीकडे बसवत होता.

म्हणजे दुपारच्या पाळीतल्या मुली रीतसर बाहेर न पडताच घरी जात होत्या. नसीमाला विचारलं तर म्हणाली, "सगळी बाहेर पडतत ताई. मी स्वतः उभी रवतंय." ती खोटं बोलणारी नव्हे. मग? फोनवर उकल होईना. मी सरळ कणकवलीची गाडी पकडली, तिथून तळेऱ्यावरून विजयदुर्ग. कंबरेचा भुगा झाला.

पोचले तेव्हा दुपारची पाळी रंगात होती. नसीमाने आधी पाणी दिलं, मग चहा, मग घरून आणलेले सांदणं पुढे केली. मी म्हटलं, मी पाहुणी नाही, तपासायला आलेय. "खावन तपासा," ती म्हणाली. मी खाल्लं, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. सगळ्या मुली मान खाली घालून कामात. बोट ठेवायला जागा नाही. उन्हं कलली, खाडीच्या बाजूने आभाळ काळवंडत आलं, आणि लांब कुठेतरी गुरगुरलं.

सगळ्या एकदम हात आवरून उभ्या राहिल्या, नसीमा दाराजवळ गेली आणि तिने मेन स्विच खाटकन खाली ओढला. हॉलभर अंधार. मग एकेकीने वाकून प्लगही उपसले आणि वायरी टेबलावर गुंडाळून ठेवल्या. इतकं बिनबोभाट, की रोजची दिवाबत्ती वाटावी.

"ह्या काय गो?" मी विचारलं.

"गडगडला ना ताई," नसीमा म्हणाली, जणू मी परदेशातून आलेय. "गेल्या वर्षी वीज लायनीतसून इली, पाच डबे जळले. बाजूच्या घरातलो टीव्हीपण गेलो. तेव्हापासून गडगडला की मेन खाली. पावस जाता तोपर्यंत बसतंव. नाय गेलो तर मगे घराक."

मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. इतकी हसले की नसीमा घाबरली. अहो, हसू नको तर काय करू? टेबलावरचा डबा बंद पडला म्हणून सावंतवाडीतला डेस्कटॉप थोडाच बंद होतो! त्याला वाटतं, बाई चहाला उठली असेल, येईलच. तो आपला जागा धरून वाट बघत बसतो. मुळात ज्याने कुणी आमची व्यवस्था लावली त्याने सर्व्हरला सांगूनच ठेवलं होतं, की लाईन तुटली तरी कुणाचा डेस्कटॉप कधीच मोडू नको. एरवी मुली रीतसर बाहेर पडत, म्हणून काही अडत नव्हतं. गडगडाटाच्या दिवशी मात्र सगळ्या एकदम अंधारात. सावंतवाडीच्या हॉलला दांडगी बॅटरी आणि विजेपासून बचावाची सगळी सोय, तिथे प्लग कोण काढणार?

मेन बंद केला म्हणजे सगळ्या बाहेर पडल्याच, असं नसीमा धरून चालली होती. तिला हे समजावलं तर तिचा चेहरा पांढराफटक. "म्हणजे माझाच चुकला? मीच मेन खाली करतंय."

"अजिबात नाय," मी म्हटलं. "माझ्या घरात मीपण गडगडला की टीव्हीचो प्लग काढतंय. चुकला ता सर्व्हराचा. ज्यांनी तो केल्यानी, त्यांनी कधी कोकणातलो ऑक्टोबर बघूक नाय."

परत आल्यावर नाटेकरांना सगळं सांगितलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग सोपं आहे. मुलींना सांगा, प्लग काढू नका."

"साहेब, काल संध्याकाळी गडगडलं तेव्हा तुम्ही घरी काय केलंत?"

"मी नाही, हिने काढला. टीव्हीचा आणि फ्रिजचा."

"मग?"

मी सर्व्हरलाच शिकवायला घेतलं. तुटलेली लाईन असेल तर पाळी संपेपर्यंत डेस्कटॉप जपून ठेव, पण सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत मोड. पुण्याच्या प्रोग्रॅममध्ये अर्धवट फॉर्म आपोआप जपला जातो, याची तिकडे विचारून खात्री करून घेतली. दुसरं, विजयदुर्गच्या डेस्कटॉपना सरावाचा रस्ता दाखवूच नको. जागा नसेल तर सरळ नाही म्हण, भलत्याच घरात नेऊन बसवू नको. हाताने करून बघितलं, जमलं. पण खऱ्या वादळात जमेल का? ते वादळ आल्याशिवाय कळणार कसं?

पुण्याहून तपासणीला आल्या त्या दीक्षित मॅडम. बारीक चष्मा, कमी बोलणं. नाटेकरांनी रंगीत पान उघडून हिरवे ठिपके दाखवले. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. "नेटवर्कची नेमणूक कुठे दिसते?" मला ती बाई तिथेच आवडली. मी काळी खिडकी उघडली. फोनच्या स्पीकरवर विजयदुर्गहून नसीमा. मी ओळ टाकली, यादी आली, सगळ्याजणी पुण्याच्या रस्त्यावर. मॅडम एकेक नाव वाचत होत्या आणि नसीमा तिकडून "हजर" म्हणत होती, शाळेतल्यासारखं.

अर्धी यादी झाली असेल नसेल, तेवढ्यात स्पीकरमधून ते आलं. गुडुम्.

नाटेकर माझ्या कानाशी आले. "तिला सांगा, आज हात लावू नको म्हणावं. फक्त आज."

"ताई," तिकडून नसीमा. "काय करू?"

आता बघा. मेन खाली केला आणि माझी शिकवण फसली, तर दीक्षित मॅडमच्या डोळ्यांदेखत हॉल बुडणार. नाही केला आणि वीज आली, तर टेबलांपाशी पोरी बसलेल्या. नाटेकर डोळ्यांनी विनवत होते. पण ज्या मुलीला मी स्वतः 'तुझं चुकलं नाही' म्हणून आले होते, तिला आता काय सांगणार होते?

"मेन खाली कर," मी म्हटलं. "आणि पोरींका लायनीपासून लांब बसव."

खाटकन आवाज आला. नाटेकर खुर्चीत बसले.

"हे काय झालं?" मॅडमनी विचारलं. मी काही लपवलं नाही. वीज, जळलेले डबे, सगळं सांगितलं आणि पुन्हा ओळ टाकली. प्रत्येक नावापुढे 'लाईन तुटली' आलेलं, पण जागा तीच, रस्ता तोच. मॅडमनी चष्मा पुसला. "आणि सकाळी?"

"सकाळी जागा मोकळ्या मिळायला हव्यात," मी म्हटलं. हव्यात. मिळतील, असं म्हणायची छाती नव्हती.

तिकडे पाऊस कोसळला, लाईट गेली ती गेलीच, मुली घरी गेल्या. मॅडम म्हणाल्या, "मी सकाळी बघूनच जाईन." मी घरी जाऊन जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. नवरा म्हणाला, आमटी अळणी आहे. मी म्हटलं, असू दे.

सकाळी मी ऑफिसात पोचले तर मॅडम आधीच येऊन बसलेल्या. विजयदुर्गला लाईट आली होती. सकाळच्या मुली आत शिरत होत्या. "ओळ मी टाकते," मॅडम म्हणाल्या. मी सांगत गेले, त्या टाकत गेल्या. यादी आली. कालच्या दुपारच्यांपैकी एकही नाव नाही. सकाळच्या सगळ्या, झाडून सगळ्या, पुण्याच्या रस्त्यावर. मॅडमनी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं, मग तीच ओळ पुन्हा टाकली. तीच यादी.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही. विजयदुर्ग चालू राहू दे. आणि विजेच्या वेळी मेन बंद करतात ते बरोबर आहे, तसं मी लिहिते."

नाटेकरांनी चहा मागवला, त्याबरोबर भजी मागवली, आणि कधी नव्हे ते दळवींनाही हाक मारली. मला खुर्चीतून उठवेना. आनंद म्हणावा तर तसा नाही, डोक्यावरची पाण्याची घागर उतरवून ठेवल्यावर मान कशी हलकी होते, तसं काहीतरी.

फोन वाजला. नसीमा. तिची पाळी दुपारची, ती घरीच होती.

"ताई... काय झाला?"

"झाला गो," मी म्हटलं. "हॉल ऱ्हवतलो. दुपारी कामाक जा."

मग ती फोन तसाच हातात धरून कुठेतरी पळाली. दाराचा आवाज, चपलांचा आवाज, आणि मग ती आपल्या अब्बांच्या कानाशी मोठ्याने ओरडली, "अब्बा! मी खंय जाणंय नाय! हयच आसंय मी, हयच!"

मग म्हातारबाबांचा जड, तुटका आवाज आला.

"मगे रडतंस कित्याक?"